आंग दुखस

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. विषय डोक्यात होता, पण तो कुठून धरावा ते कळत नव्हतं. शेवटी दिल्लीच्या एका बातमीने टोक हाती दिलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या आयजीआयबी ह्या सरकारी संशोधन संस्थेत सिकलसेलवरच्या भारतीय बनावटीच्या जनुक-उपचाराची घोषणा झाली. उपचाराचं नाव 'बिरसा १०१'. त्याच महिन्यात बिरसा मुंडांच्या जन्माला दीडशे वर्षं झाली, म्हणून हे नाव. पुढच्या उत्पादनासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला आहे. वर्तमानपत्रांनी 'क्रिस्पर', 'स्वदेशी', 'स्वस्त' हे तीन शब्द ठळक छापले. दुखणं हा शब्द मात्र मला फारसा कुठे दिसला नाही. मला तर ही सगळी गोष्ट मुळात दुखण्याचीच वाटते.

आमच्या नात्यातले बरेच जण हा ब्लॉग वाचतात, त्यांच्यापैकी कोणीतरी विचारणारच, की शिंदखेड्याच्या माणसाचा ह्याच्याशी काय संबंध? सांगतो. संबंध फार जुना आहे, आपल्या ओसरीवरून गेलेला आहे, फक्त त्याला नाव नव्हतं.

अहिराणीत माणूस आजारी पडला की आधी म्हणतो, "आंग दुखस." ताप असो, कणकण असो, सुरुवात तिथूनच. आपल्या मराठीत तर दुखण्याचे किती प्रकार! डोकं ठणकतं, दाढ ठुसठुसते, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, जखम चुरचुरते, हाडं ओढतात. माझ्या आजीला ह्या सगळ्यांतला फरक नेमका माहीत असायचा आणि प्रत्येकावर तिचा उपाय वेगळा. घाना देशात सिकलसेलला 'च्वेच्वेच्वे' असं काहीसं नाव आहे, हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. तिथल्या दुसऱ्या भाषेत 'न्वीन्वी'. कुरतडत राहणाऱ्या, थांबून पुन्हा येणाऱ्या कळेचा आवाजच त्यांनी नाव म्हणून घेतला. आपल्या 'ठणठण' आणि 'ठुसठुस'च्या घरचंच की हे! डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात काही पाहण्याच्या कितीतरी आधी त्या लोकांना हा आजार घराण्यात चालतो हे ठाऊक होतं.

डॉक्टरांची गोष्ट सुरू होते १९०४ सालच्या डिसेंबरात, शिकागोमध्ये. वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा ग्रेनाडा बेटावरचा विशीतला तरुण तिथे दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. तो आजारी पडून दवाखान्यात आला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त काचेवर पसरून पाहिलं, तर काही पेशी लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक ह्यांनी हे प्रकरण सहा वर्षांनी, १९१० मध्ये छापलं. नोएल शिक्षण पुरं करून परत ग्रेनाडाला गेला, तिथे त्याने दवाखाना चालवला आणि १९१६ साली बत्तिसाव्या वर्षी वारला. वैद्यकाच्या पुस्तकांत नाव हेरिकचं राहिलं. चालायचंच.

विळा म्हटलं की आपल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. निरोगी तांबडी पेशी मऊ, दोन्ही बाजूंनी दबलेल्या गोळीसारखी असते, बारीकातल्या बारीक नळीतून दुमडून निघून जाते. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन सोडल्यावर आतलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं आणि पेशी ताठ, वाकडी होते. मग ती बारीक नळीत अडकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला की पुढचा वाफा कोरडा राहतो, तसं. ज्या हाडाला, ज्या स्नायूला पुढे रक्त मिळत नाही, तो ओरडायला लागतो. हीच ती कळ. लहान बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. मोठ्यांच्या मांड्या, कंबर, छाती धरते. कधी काही तास, कधी आठवडाभर. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कायम कमी, डोळे पिवळट. थंडी, ताप, अतिश्रम आणि अंगातलं पाणी कमी होणं, ह्यांतलं काहीही निमित्ताला पुरतं.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि खानदेशातला ऊसतोड मजूर डोळ्यांसमोर आणा. पहाटेची थंडी, दिवसभर कोयता, प्यायला पाणी मिळेल तेव्हा. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या ऊसपट्ट्यातल्या मजुरांवर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. त्यात 'खानदेशी' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, कारण दक्षिण गुजरातचा ऊस तोडायला टोळ्या आपल्याच धुळे जिल्ह्यातून जात होत्या. ब्रेमनचा विषय मजुरी आणि उचल हा होता, रक्त हा नव्हता. पण मला दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्याशा वाटतात. आजाराला जे जे हवं, ते ते सगळं त्या कामात आहे.

लहानपणी सुट्टीत मी मामांच्या गावी असायचो. शिंदखेडा स्टेशनवर सुरत-भुसावळ लाइनची गाडी सोडायची आणि पुढे बैलगाडीने. मामांकडे एक भिल सालदार होता, त्याचा मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही बोरं पाडायचो, विटीदांडू खेळायचो. हिवाळ्यात मात्र तो मधेच दोन-दोन, तीन-तीन दिवस गायब व्हायचा. त्यांच्या झोपडीशी गेलं की गुडघे पोटाशी घेऊन पडलेला दिसायचा. त्याची आई रुईची पानं तव्यावर गरम करून शेकत असायची. मोठी माणसं तीन गोष्टी म्हणायची : वात आहे, बाहेरचं काही आहे, नाटकं करतो. पहिल्यावर बिब्ब्याचा चटका, दुसऱ्यावर भगत, तिसऱ्यावर शिव्या. चौथ्या दिवशी पोरगं पुन्हा बोरीखाली हजर, म्हणून तिसऱ्या मताला जोर यायचा. त्याचं रक्त कोणी कधी तपासलं नाही, त्यामुळे त्याला नेमकं काय होतं हे मी आज सांगणार नाही. पण येणं-जाणं असलेलं, बाहेरून काही न दिसणारं दुखणं किती सहज खोटं ठरतं, ते तेव्हा पाहिलं.

हे फक्त आपल्या खेड्यात होतं असंही नाही. अमेरिकेतल्या मोठमोठ्या दवाखान्यांत सिकलसेलचे काळे रुग्ण कळ घेऊन आले की अफूच्या औषधाची चटक लागलेले म्हणून त्यांच्याकडे संशयाने बघितलं गेलं, ह्यावर तिथे भरपूर लिहिलं गेलंय. सूज नाही, जखम नाही, एक्स-रे स्वच्छ. मग दुखतंय कशावरून? आपल्याकडे तर पुढचा प्रश्नच नव्हता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली दुरुस्ती झाली, त्यामागे केरळच्या डॉ. राजगोपाल ह्यांच्यासारख्यांची वीसेक वर्षांची खटपट आहे. तालुक्याच्या गावी तीव्र कळेला मिळतं काय, तर सलाइन आणि साधं इंजेक्शन. असो.

हा आजार भारतात आहे हेच मुळात उशिरा कळलं. अमेरिकेत बराच काळ हा आफ्रिकी वंशाचाच आजार अशी पक्की समजूत होती. १९५२ साली लेहमान आणि कटबुश ह्यांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखवला आणि समजुतीला तडा गेला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही सापडला. महाराष्ट्रात नंबर लागला १९५८ साली, नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्यांच्या 'लॅन्सेट'मधल्या लेखाने. विदर्भात तो आदिवासींबरोबर अनुसूचित जातींमध्येही बराच आहे, आणि नागपुरात त्यावर डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी मिळून मोठं काम उभं केलं.

आपल्या सातपुड्याच्या बाजूचं काम ज्यांच्या नावावर लिहावं लागेल ते डॉ. सुदाम काटे. मूळ काम पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात, पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळातर्फे. राज्यभरच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे, ते तपासायचे आणि तपासून झाल्यावर पुन्हा त्याच पाड्यावर जाऊन माणसांना समजावून सांगायचं. हा शेवटचा भाग बहुतेक संशोधक गाळतात. त्यांनी आणि लिंगोजवार ह्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात राज्यातल्या आदिवासींत सरासरी १० टक्के वाहक आणि अर्धा टक्का प्रत्यक्ष रुग्ण असं प्रमाण दिलं आहे. पण सरासरीने फसायला होतं. काही जमातींत एकही वाहक नाही आणि भिल, पावरा, माडिया, परधान ह्यांच्यात मात्र २० ते ३५ टक्के. म्हणजे दर तीन ते पाच माणसांमागे एक. नंदुरबार हा त्या यादीतल्या पाच हजारांवर रुग्णांच्या जिल्ह्यांपैकी एक. नंदुरबार आपल्यापासून १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, पण रक्त काही जिल्ह्याची हद्द पाळत नाही. शिरपूर, साक्री, शिंदखेडा तालुक्यांतल्या भिल वस्त्यांचे सोयरे तिकडेच तर आहेत. काटेसरांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

वाहक म्हणजे काय, हे थोडक्यात. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती प्रत्येक जनुकाच्या असतात. एकच बिघडलेली असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा काहीच होत नाही, उलट मलेरियाचा तडाखा कमी बसतो. अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. तळोदा, नवापूर, अक्राणी हे जुन्या पश्चिम खानदेशातले हिवतापाचे मुलूख. तिथल्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या जे तगले त्यांच्यात हा जनुक का टिकला, ह्याचं उत्तर इथे मिळतं. दोन वाहकांचं लग्न झालं, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. एका पिढीला मलेरियापासून वाचवण्याची किंमत पुढच्या पिढीतलं एखादं पोर हाडांत मोजतं. निसर्गाचा हा हिशेब मला कधीच आवडलेला नाही.

आणि बिघाड तो केवढासा! लायनस पॉलिंग ह्यांनी १९४५ साली एका रेल्वेप्रवासात सहप्रवासी डॉक्टरांकडून ह्या आजाराबद्दल ऐकलं आणि दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार हे ताडलं. १९४९ मध्ये त्यांनी ते सिद्ध करून त्याला 'रेणूचा आजार' म्हटलं. आजाराला असं नाव पहिल्यांदाच मिळत होतं. पुढे व्हर्नन इन्ग्रम ह्यांनी १९५६-५७ मध्ये नेमकी जागा शोधली : बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एका अक्षराची चूक. मराठी टायपिंगमध्ये मी रोज याहून जास्त करतो.

तर १९५७ पासून चूक कुठे आहे ते माहीत होतं. ती दुरुस्त व्हायला, किंवा खरं तर तिला वळसा घालायला, ६६ वर्षं लागली. ही मधली गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिचा एक धागा आपल्याकडून जातो.

न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन ह्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्ये एक साधी गोष्ट टिपली. ह्या आजाराच्या बाळांना पहिले काही महिने काहीच त्रास होत नाही. कारण पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही चूक नसते. जन्मानंतर हळूहळू ते बंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं, मग चूक बाहेर येते. मग १९७२ मध्ये सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या काही रुग्णांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. त्यांना सिकलसेल होता, पण त्रास अगदी कमी. त्यांच्या रक्तात ते बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही भरपूर शिल्लक होतं. आणि ऐंशीच्या दशकात लक्षात आलं, की भारतातल्या रुग्णांचा जनुकही त्याच घराण्यातला. शास्त्रज्ञ त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. मोठ्या माणसात बाळाचं हिमोग्लोबिन साधारण एक टक्का उरतं. आपल्याकडच्या कित्येक आदिवासी रुग्णांत ते पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास आढळतं.

म्हणजे बघा, त्या विळ्याची धार थोडी बोथट करणारी वस्तू पाड्यावरच्या माणसाच्या रक्तात आधीपासून होती. त्यावरून काही वर्षं 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' असंही म्हटलं गेलं. मला त्या 'सौम्य'ची भीती वाटते. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन ह्यांच्यासारख्यांनी बालरुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा तिथल्या पुष्कळ मुलांचा आजार चांगलाच तीव्र निघाला. आफ्रिकेच्या तुलनेत कमी दुखणं आणि दुखणं नसणं ह्यांत फरक आहे.

बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करता येईल का? पहिलं उत्तर दिलं एका जुन्या औषधाने. हायड्रॉक्सियुरिया १८६९ साली जर्मनीत तयार झालं, शंभर वर्षांनी रक्ताच्या कर्करोगात वापरायला लागले, आणि १९८४ मध्ये दिसलं की त्याने हे हिमोग्लोबिन वाढतं. १९९५ च्या मोठ्या चाचणीत कळेचे झटके वर्षाला सरासरी साडेचारावरून अडीचवर आले. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रोज एक गोळी. गोळी महाग नाही. पण मधून मधून रक्त तपासावं लागतं, पेशी फार कमी तर झाल्या नाहीत ना हे बघावं लागतं. ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून गेलेल्या घराला 'मधून मधून तपासणी' म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

दुसरं उत्तर थेट जनुकात हात घालणारं. २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन ह्यांनी दाखवलं, की बाळाचं हिमोग्लोबिन दाबून ठेवणारं बटण म्हणजे बीसीएल११ए नावाचा जनुक. क्रिस्परची कात्री २०१२ मध्ये आली, तिच्यासाठी शार्पेंतिए आणि डाउडना ह्या दोघींना २०२० चं नोबेल मिळालं. मग युक्ती ठरली ती अशी : मूळ चूक आहे तशी राहू द्यायची, ते बटण मात्र रक्तपेशींपुरतं कापायचं. दाब उठला की बाळाचं हिमोग्लोबिन परत येतं. जे सौदी वाळवंटात आणि सातपुड्यात निसर्गाने अर्धंमुर्धं केलं होतं, तेच पुरतं करायचं.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे ह्या बाईंवर नॅशव्हिलमध्ये हा उपचार झाला. तिथल्या सिकलसेलच्या रुग्णांत त्या पहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली, नाव 'कॅसजेव्ही'. अमेरिकेच्या मान्यतेच्या वेळी ज्यांचा पुरेसा काळ पाठपुरावा झाला होता अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर एकही तीव्र झटका आला नव्हता. एकही नाही! ज्यांना वर्षात दोन-चारदा दवाखान्यात भरती व्हावं लागायचं, ती ही माणसं.

पण हे इंजेक्शन टोचून घरी जाण्यासारखं नाही. आधी रक्तातून मूळ पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यावर कात्री चालवतात, मग रुग्णाच्या हाडातल्या उरलेल्या जुन्या पेशी तीव्र केमोथेरपीने मारून टाकतात आणि नव्या सोडतात. कित्येक आठवडे दवाखाना, केस जातात, पुढे मूल न होण्याचा धोका. अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा, २०२३ मध्ये, किंमत होती २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे अठरा-एकोणीस कोटी रुपये. जगातले बहुतेक रुग्ण आफ्रिकेत आणि भारतात राहतात हे लक्षात घेतलं, की हा आकडा जरा जास्तच टोचतो. 'बिरसा १०१'च्या बातमीतला 'स्वस्त' हा शब्द म्हणून महत्त्वाचा. तो किती खरा ठरतो ते बघायचं.

इथे एक फाटा फोडतो, कारण काही जणांचा गोंधळ होतो. जनुक बदलून दुखणं बंद करायचा आणखी एक रस्ता शोधला जातोय आणि तो अगदी वेगळा आहे. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, निखाऱ्यांवर चालायचा, दंडातून सुरे आरपार घालायचा. त्याला दुखणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. चौदावा वाढदिवस यायच्या आधी, मित्रांना दाखवायला छपरावरून उडी मारली आणि तो गेला. त्याच्या नात्यागोत्यातल्या मुलांच्या अभ्यासातून २००६ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी एससीएन९ए नावाचा जनुक शोधला. तो दुखण्याचा निरोप मज्जातंतूतून पुढे पाठवणारी एक खिडकी बनवतो. त्या मुलांची खिडकी बंद होती. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲना मोरेनो आणि प्रशांत माली ह्यांच्या गटाने, न कापणारं क्रिस्पर वापरून उंदरांमध्ये ही खिडकी काही महिने अर्धवट लोटून दाखवली. अशाच एका शेजारच्या खिडकीवरचं साधं गोळीचं औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गंमत म्हणजे ते काढणारी कंपनी आणि कॅसजेव्हीवाली कंपनी एकच, व्हर्टेक्स.

कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांत अशी खिडकी लोटता आली तर मी हात जोडीन. पण सिकलसेलमध्ये नुसतं दुखणं बंद केलं तर? पाटात पाचोळा अडकलेलाच राहील, हाड आतून मरत राहील, प्लीहा बिघडत राहील आणि माणसाला पत्ता लागणार नाही. छातीत दुखतंय म्हणून जो दवाखान्यात धावला असता तो घरीच झोपून राहील. त्या छपरावरच्या मुलाचंच होईल ते, सावकाश. म्हणून पाड्यावरच्या माणसासाठी मला पहिला रस्ताच हवासा वाटतो, तो कितीही लांबचा असला तरी.

मधल्या काळासाठी सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तारीख नंदुरबार जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, अर्थात योगायोगाने. सुरुवातीच्या तीन वर्षांत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्यात ठरलं. तपासणी झाली की कार्ड मिळतं, आणि लग्न ठरवताना पत्रिकेसारखी दोन कार्डं जुळवून बघायची अशी कल्पना. कागदावर ती चोख आहे. पण ज्या घरी वाहक असल्याचं कार्ड आलं त्या घरची मुलगी बघायला येणारे कमी होतात का, वाहक म्हणजे रुग्ण नव्हे हे सोयऱ्यांना पटतं का, हे कार्ड वाटणाऱ्याच्या बोलण्यावर अवलंबून आहे. आणि ते बोलणं अहिराणीत, भिलीत, पावरीत व्हायला हवं; शासकीय मराठीतलं 'जनुकीय समुपदेशन' ऐकून आमच्या मामीसुद्धा उठून चुलीकडे जातील.

परवा मोठ्या मामांशी फोनवर हे सगळं बोललो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "त्या सालदाराचे नातू आता दोंडाईच्याला असतात, एक रिक्षा चालवतो." मी विचारलं, त्यांची तपासणी झालीय का? मामा म्हणाले, "इचारीसन सांगस." विचारून सांगतो म्हणाले. बोटातून एक थेंब रक्त पुरतं, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय, आणि पहिल्या तपासणीत काही निघालं तर दुसरी पक्की तपासणी करावीच लागते, तिच्याशिवाय कोणाला काही म्हणू नका, हेही.